स्मरणाची कारागिरी

उद्या सर्वपित्री अमावस्या. भाद्रपद वद्य प्रतिपदेला सुरू झालेला पितृपंधरवडा उद्या संपेल आणि परवा घरोघरी घट बसतील. परळीच्या बाजारात सध्या गवार, कारली, लाल भोपळा, अळूची पाने आणि पत्रावळी एवढ्यांनाच गिऱ्हाईक आहे. सराफी पेढ्या, वाहनांची दुकाने आणि कापडपेठ घटस्थापनेची वाट पाहत आहेत. पंधरा दिवस सोयरिकीची बोलणी नको, जागेचा व्यवहार नको, नवे कापड अंगाला नको, असा आपला शिरस्ता. उघड कुणी बोलत नाही, पण हे दिवस लवकर सरावेत असेच बहुतेकांच्या मनात असते. आम्हाला ही गोष्ट खटकते. ज्यांच्या कष्टाने घर उभे राहिले, ज्यांनी विहीर खोदली, बांधावर आंबा लावला, त्या माणसांना वर्षातून एकदा घरी जेवायला बोलवायचे हे दिवस. पितर येतात ते लेकराबाळांची खुशाली बघायला, असे आपल्या आज्या सांगत आल्या. मग त्यांच्या येण्याचे दिवस अशुभ कसे झाले?

अशीच पितरांची वाट पाहणारा आणखी एक देश आहे, मेक्सिको. आणखी महिनाभराने, ऐन दिवाळीच्या सुमारास, 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे मृतांचे दिवस असतात. पहिला दिवस लहानपणी गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात एक मांडणी करतात. तिच्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप, मीठ, लांबच्या प्रवासाने दमून येणाऱ्यासाठी पेलाभर पाणी आणि त्या-त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ. गुळासारख्या तपकिरी साखरेच्या पाकात शिजवलेला भोपळाही त्यात असतो. आपल्या पितरांच्या पानात लाल भोपळ्याची भाजी लागते. त्यांच्याही पितरांना भोपळा लागतो. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, वासाने आणि रंगाने मृतांना घर सापडावे म्हणून. कबरी धुऊन फुलांनी भरतात आणि काही गावांत रात्रभर माणसे कबरीपाशी बसून राहतात. पात्झ्कुआरो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावरची ती रात्र जगभर प्रसिद्ध आहे.

हा झेंडू मुळात त्यांचाच. मेक्सिकोच्या मातीतले हे फूल पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आले आणि असे रुजले की त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही. बीड जिल्ह्यातला शेतकरी जो झेंडू दसऱ्याला बाजारात आणतो, आणि भाव पडला की संध्याकाळी रस्त्याकडेलाच टाकून घरी जातो, त्या झेंडूचे पूर्वज तिकडे पितरांना वाट दाखवत होते. आपण हे फूल देवाला, दाराला, गाडीला वाहिले. गेलेल्या माणसाच्या फोटोलाही त्याचाच हार घातला.

पण मेक्सिकोची आठवण आम्ही काढली ती फुलासाठी नाही. तिथे मृतांच्या स्मरणाला कारागिराचा हात लागलेला आहे, आणि तो अजून सुटलेला नाही, म्हणून काढली. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइक्सकोलोत्ला या गावचे कारागीर पातळ रंगीत कागदांची चळत रचून तिच्यावर छिन्नी-हातोडीने जाळी कोरतात; त्या पताका मृतांच्या दिवसांत घराघरांत लागतात. 1998 साली पुएब्ला राज्याने या कलेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तोलुका शहरात साखरेच्या कवट्यांची, साखरेच्याच प्राण्यांची जत्रा भरते. कवटीच्या कपाळावर जिवंत माणसाचे नाव घालून ती मित्राला भेट देतात. मेतेपेकचे कुंभार मातीची झाडे घडवतात आणि त्यांच्या फांद्यांवर माणसे, पाखरे, फुले आणि सांगाडे एकत्र बसवतात. युनेस्कोने 2008 साली या साऱ्या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली, त्याच्या किती तरी आधीपासून हे हात काम करत होते.

आज जगभर ओळखला जाणारा तो टोपीवाल्या बाईचा हसरा सांगाडा होसे ग्वादालुपे पोसादा या छापखान्यातल्या माणसाने काढला. 1852 साली जन्मलेला पोसादा स्वस्त कागदांवर विकली जाणारी गाणी, बातम्या, खुनाच्या कहाण्या यांच्यासाठी चित्रे कोरून देई. युरोपी फॅशनची टोपी घालून आपले देशीपण लपवणाऱ्या बाईला त्याने सांगाडा करून दाखवले. मेल्यावर सगळ्यांची हाडे सारखीच, एवढेच त्याला म्हणायचे होते. 1913 मध्ये तो गरिबीतच गेला. त्याला सगळ्यांत हलक्या दर्जाच्या जागेत पुरले आणि काही वर्षांनी कुणी दावेदार आला नाही म्हणून त्याची हाडे सामाईक खड्ड्यात गेली. पुढे 1947 साली चित्रकार दिएगो रिवेराने आपल्या भव्य भित्तिचित्रात त्या सांगाड्याला नखशिखांत पोशाख चढवला आणि शेजारी पोसादाला उभे केले. एका देशाच्या मृतांना चेहरा देणाऱ्या माणसाची स्वतःची कबर नाही. त्याचे स्मारक त्याच्या हातच्या कामानेच झाले आहे.

आता आपल्याकडे पाहू. परळीचा वैद्यनाथ हा वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपले, अशी इथली कथा. बारा ज्योतिर्लिंगांतल्या या देवाला भक्त स्वतःच्या हाताने स्पर्श करून दर्शन घेतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. मृत्यूला दूर ठेवणाऱ्या देवाच्या या गावात गेलेल्यांचा मानही तेवढाच राखला गेला. जगमित्र नागा हे संत परळीचेच. त्यांच्या समाधीपुढे आजही अभंग म्हटले जातात. वीरशैव समाज मृताला बसलेल्या स्थितीत भूमीत ठेवतो. याच समाजाच्या दिंड्या दर कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे जातात. शब-ए-बरातच्या रात्री कब्रस्तानात कबरी झाडूनपुसून त्यांच्यावर फुले वाहतात, उजेड करतात आणि घरी हलवा होतो. मेक्सिकोची ती रात्र समजून घ्यायला परळीकराला विमानाने जायची गरज नाही. आसपासच्या तांड्यांवर बंजारा घरांत दिवाळीला पूर्वजांच्या नावाने विस्तवावर गोड घास पडतो, त्याला धबुकार म्हणतात. आणि वसईच्या दफनभूमींत तर 2 नोव्हेंबरलाच मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे मेणबत्त्या आणि फुले घेऊन जमतात. तात्पर्य, आठवण काढण्यात आपण कुठेच कमी पडलेलो नाही. त्या आठवणीला आकार देणारा हात मात्र आपण सोडून दिला आहे, आणि आमचे दुःख तेवढ्याचेच आहे.

टाकाचेच पाहा. चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेला हा वीतभरही नसलेला देव मराठी देवघरात शतकानुशतके आहे. त्यात खंडोबा असतो, भवानी असते आणि त्यांच्याच रांगेत घराण्यातला वीर असतो. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला, कधी शेजारी बायको असलेला. लढाईत गेलेला, अकाली गेलेला, ज्याची आठवण घराला सोडवत नाही असा हा माणूस टाक होऊन देवांच्या पंगतीला बसतो. त्याला आंघोळ असते, हळदकुंकू असते, नैवेद्य असतो, नव्या सुनेची त्याच्याशी ओळख करून देतात. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांच्या मिरवणुका निघतात, त्यांत घरचे लोक हे टाक हातात घेऊन नाचतात. पितरांना इतके जवळ, इतके हाताशी ठेवणारी कला जगात फार थोड्या ठिकाणी असेल. आज टाक मिळतात, पण यंत्रावर दाबून काढलेले. सगळे घोडे एकाच ठशाचे आणि सगळ्या वीरांचे चेहरेही सारखेच.

अक्षय्य तृतीयेची करा-केळीही तशीच. मराठवाड्यात या दिवशी मातीची ही जोडी नव्याने आणायची, पाण्याने भरायची, आत वाळा टाकायचा, वर आंबा किंवा खरबूज ठेवायचे आणि गेलेल्यांच्या नावाने पुजायची. वैशाखातल्या उन्हात पितरांना आधी पाणी, मग आमरस-पुरणपोळी. हे पूजेचे भांडे गावच्याच मातीचे, गावच्याच कुंभाराच्या चाकावरचे, म्हणून पूर्वजांच्या स्मरणात कुंभाराचे घरही जेवत होते. मेक्सिकोतला कुंभार आणि आपला कुंभार यांत कौशल्याचा फरक नाही. तिथल्या गावाने कुंभाराकडून वर्षानुवर्षे काम मागितले आणि आपण स्टीलचा तांब्या पुढे केला, हा फरक आहे.

स्मरणाच्या आपल्या लोककलेतली सगळ्यांत मोठी ठेव मात्र वीरगळ. मराठवाड्यातल्या गावोगावी वेशीपाशी, मारुतीच्या पारावर, पडक्या शिवालयाच्या अंगणात काळ्या दगडाची उभी शिळा दिसते. तिच्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात आणि वाचन खालून वर करायचे असते. सगळ्यांत खाली लढाई: हातात ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, आणि पुष्कळदा पायाशी गाई. गावाची जनावरे पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना तो पडला, एवढी हकीकत त्या गाईंनी सांगितलेली असते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, शेजारी पुजारी असतो. सर्वांत वर कलश आणि चंद्रसूर्य, म्हणजे आकाशात ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. ज्याच्यासाठी दगड घडवला त्याचे नाव गेले, घडवणाऱ्याचे तर कुणी विचारलेच नाही. सतीशिळेवर फक्त कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. त्या हाताकडे पाहताना मान खाली जाते. त्या बाईला मरणाआधी कुणी काही विचारले होते का, हे दगड सांगत नाही, आणि त्या प्रथेचा गौरव आम्ही करणार नाही. पण ती बाई होऊन गेली, याचा तेवढाच पुरावा उरला आहे. तोही पुसून टाकावा असे कोण म्हणेल?

एकसर हे आज मुंबईच्या बोरिवलीत सामावलेले गाव. तिथल्या वीरगळांवर वल्ही मारणारी जहाजे आणि समुद्रातली लढाई कोरलेली आहे. लाटांवर लढून मेलेल्यांचे असे दगड अभ्यासकांना फार मोलाचे वाटतात. 1982 साली षडक्षरी शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी भारतातल्या स्मारकशिळांवर मोठा ग्रंथ संपादित केला. सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांच्या वाड्यांवर, खंडोबाच्या जत्रांत फिरत राहिले आणि आपल्या पायाखालचे दगड काय सांगतात ते त्यांनी आपल्याला दाखवले. त्यांच्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेक हौशी अभ्यासकांनी गावोगाव हिंडून वीरगळ नोंदवले. सरकारी पगाराशिवाय, पदरमोड करून झालेल्या या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईत याच विषयातली एक विलक्षण गोष्ट दगडावर कोरलेली आहे. यादवराजा सिंघणाचा सेनापती खोलेश्वर हा या भागाचा कर्ता पुरुष. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. मागे रामाचा मुलगा होता, पण लहान. तेव्हा खोलेश्वराच्या मुलीने, रामाच्या बहिणीने, भाच्याच्या वतीने कारभार हातात घेतला आणि गेलेल्या भावाच्या नावाने अंबाजोगाईत देऊळ उभारले. तिचे नाव लक्ष्मी. शके 1162, म्हणजे इसवी सन 1240 चा शिलालेख ही हकीकत सांगतो. आजही श्राद्धाला पाटावर मुलगाच हवा, मुलगा नसेल तर पुतण्या, तोही नसेल तर भटजी सांगतील तो. पावणेआठशे वर्षांपूर्वी याच मुलखात एका बहिणीने भावाचे स्मारक उभारले आणि ते दगडात लिहवून घेतले. आपल्या मुलींना ही गोष्ट कुणी सांगितली आहे का? शाळेच्या सहली अजिंठा-वेरूळला जातात, जाव्यातच. पण लक्ष्मीचा शिलालेख इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून जाऊ नये.

या ठेवीचे आपण काय केले, ते जागोजागी दिसते. वीरगळ आडवा पाडून त्याच्यावर धुणे धुतले जाते. कुठे तो पायरी झाला, कुठे गोठ्याची दावण बांधायचा खुंट. रस्त्याच्या भरावात गेले, बांधकामाच्या पायात गेले, त्यांची मोजदादच नाही. काही ठिकाणी भाविकांनी शेंदराचे इतके थर चढवले की आतला माणूस दिसेनासा झाला. तिथे निदान दगड जागेवर राहिला, म्हणून त्या शेंदराला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की चकचकीत फरशी आणि ऑइलपेंट येतो आणि जुने कोरीव दगड मागच्या उकिरड्यावर जातात. आपल्याच तालुक्यातल्या धर्मापुरीला चालुक्यकाळातले केदारेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरच्या मूर्ती पाहायला जाणकार दुरून येतात. अशा गावांच्या शिवारात विखुरलेल्या लहान दगडांचा मात्र वाली कुणी नाही.

आजचा परळीकर आपल्या माणसाचे दुःख कोणत्या रूपात मांडतो? चौकाचौकांत ते टांगलेले आहे. भावपूर्ण श्रद्धांजलीचे, प्रथम पुण्यस्मरणाचे फ्लेक्स. मध्ये गेलेल्याचा फोटो, वर उगवता सूर्य किंवा ढग, खाली शोकाकुलांची नावे आणि त्यांचेही फोटो. आम्ही या फ्लेक्सची हेटाळणी करणार नाही. ज्याला दगड घडवून घेणे परवडत नाही, ज्याच्या वस्तीत कारागीर उरला नाही, त्याने हजार-दोन हजारांत आपल्या बापाला चौकात उभे केले. त्यात माया आहे, अभिमानही आहे. वीरगळ घडवून घेणाऱ्याच्या मनात याहून वेगळे काय असेल? पण फ्लेक्स एका वादळात फाटतो आणि त्याच्या जागी दुसऱ्याचा लागतो. त्या कापडाने ना कुणी कारागीर जगतो, ना नातवाला आजोबा कळतात. तीच रक्कम एखाद्या पाथरवटाच्या, ओताऱ्याच्या, चित्रकाराच्या हाती पडली तर त्या माणसाचा चेहरा शंभर वर्षे टिकेल. गोपीनाथ मुंडे यांची समाधी असलेला पांगरीजवळचा गोपीनाथगड 2015 मध्ये उभा राहिला आणि त्यांच्या स्मृतिदिनी, दर 3 जूनला, तिथे हजारो माणसे जमतात. नेत्याची समाधी लोक कशी जपतात हे परळीने दाखवले आहे. तेच मन साध्या माणसांसाठीही उघडले पाहिजे.

कारण पितृपंधरवडा मुळात त्यांच्यासाठीच आहे. आपल्या पूर्वजांनी या पंधरा तिथी किती विचाराने लावल्या होत्या! नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची. चतुर्दशी शस्त्राने, अपघाताने, अकाली गेलेल्यांची. आणि उद्याची अमावस्या ज्यांची तिथी माहीत नाही त्या सर्वांची. शिवाय धर्मपिंड असतो, ज्याला मागे कुणीच नाही त्याच्यासाठी. मेक्सिकोतही काही भागांत अपघाताने, हिंसेने गेलेल्यांसाठी ऑक्टोबरअखेरचा वेगळा दिवस राखलेला असतो आणि पुष्कळ घरांत मांडणीवर एक मेणबत्ती अशा जिवासाठी लावतात ज्याची आठवण काढणारे कुणी उरले नाही. त्या देशात बेपत्ता माणसांच्या सरकारी नोंदी 2022 साली एक लाखाच्या पुढे गेल्या. त्यांच्या आया आता मृतांच्या दिवशी भर चौकात मुलांचे फोटो मांडतात आणि शासनाला जाब विचारतात. घरातली मांडणी अशी सार्वजनिक झाली.

आपल्या जिल्ह्यातल्या कुणाची तिथी हरवली आहे? दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीसाठी कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये चुलीसकट संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सर्वपित्रीचे जेवण हे अनेक घरांत सगळी भावकी एकत्र बसून घेतलेले निघण्यापूर्वीचे मोठे जेवण असते. पुढची पंगत आता हंगाम संपल्यावर. फडावर साप चावतो, उसाने भरलेला ट्रॉला उलटतो, कोपीत बाळंतपण अडते. अशा वेळी माणूस जिथे गेला तिथेच त्याला अग्नी देऊन टोळी दुसऱ्या दिवशी फडात उतरल्याच्या कहाण्या या भागाला नव्या नाहीत. कर्जापायी स्वतःला संपवलेल्या शेतकऱ्याचे नाव चार दिवस बातमीत राहते आणि मग फक्त सरकारी प्रकरणाच्या फाइलमध्ये. गाईगुरे राखताना पडलेल्या माणसाला आठशे वर्षांपूर्वीच्या गावाने वेशीत दगड उभारून दिला. गावाचे पोट भरण्यासाठी राबताना गेलेल्या माणसाला आजचे गाव काय देते?

मेक्सिकोसारखे मिरवणुकीचे सण आपण सुरू करावेत, असे आम्हाला सुचवायचे नाही. तिथल्या परंपरेवरही बाजाराचा हात पडला आहे. 2013 साली एका अमेरिकी चित्रपट कंपनीने त्या सणाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा प्रयत्न केला आणि लोकांच्या संतापापुढे तो मागे घेतला. मेक्सिको शहरातली मृतांच्या दिवसाची प्रचंड मिरवणूक 2016 पासूनची. आदल्या वर्षीच्या जेम्स बाँडच्या चित्रपटात ती दाखवली, मग प्रत्यक्षात आणली. पर्यटक वाढले, तोंड रंगवून फोटो काढणारे वाढले. तरीही कोरीव कागदाच्या गावात छिन्नी थांबलेली नाही, कारण त्या पताकांचे पहिले गिऱ्हाईक पर्यटक नाही, शेजारच्या गल्लीतली म्हातारी आहे. घरचे गिऱ्हाईक असेल तोवर कला जगते. त्यांच्याकडून आपण घ्यायचे ते एवढेच.

म्हणून परळी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ठराव करा आणि गावातले वीरगळ, सतीशिळा, कोरीव दगड मोजा. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या. त्यांना चौकटी खालून वर वाचायला शिकवा. आडवे पडलेले दगड उभे करा, पण सिमेंटमध्ये चिणू नका, रंग लावू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. साधा ओटा आणि वर पत्रा पुरे. फोटो आणि जागेची नोंद राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. गावाचे दगड गावातच राहू द्या. शहरातल्या संग्रहालयाच्या मागच्या अंगणात नेऊन टाकलेला वीरगळ कुणाचाच राहत नाही. आणि त्याच ओट्याजवळ एक नवा दगड उभारा. गावातून कामाला बाहेर जाऊन परत न आलेल्यांची नावे त्यावर कोरून घ्या, पाथरवटाला रास्त मजुरी देऊन. मंडळे गणपतीत आणि जयंतीत लाखोंचा मांडव घालतात, त्यातला लहानसा वाटा या कामाला पुरेल. करा-केळी कुंभाराकडूनच घ्या, टाक करायचा तर हाताने घडवणारा शोधा. तो जास्त पैसे मागेल आणि ते त्याला द्यायला हवेत.

घरातले काम मात्र उद्याच करण्यासारखे आहे. नैवेद्याचे पान वाढण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाजवळ वही घेऊन बसा. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी बैलावर बसून गावोगाव येत आणि घराण्याची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवत. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आजही पिढ्यान् पिढ्यांची नावे सापडतात. पण त्यांत पुरुषांचीच नावे अधिक. लग्नात नाव बदललेल्या बाईचे माहेरचे नाव ती गेल्यावर दहा वर्षांत घरातूनही पुसले जाते. तेव्हा पणजोबांचे नाव लिहाल तेव्हा पणजीचेही लिहा, तिचे माहेरचे नाव आणि गावही लिहा, ती काय रांधत असे, कशात हुशार होती तेही लिहा. सांगणारी आजी पुढच्या सर्वपित्रीला असेलच असे नाही.